भोरकड्याच्या राजवाड्याचा उंबरा

"मिस्त्री, तिथं काय शोधता? तिथं काय नाय."

मल्हारी पगारे राजवाड्याच्या मोठ्या दारात उकिडवा बसला होता, गाल जवळजवळ फरशीला टेकवून. त्याचं बोट चौकटीच्या तळाशी फिरत होतं. बुधाचं बोलणं त्याच्या कानावर पडलं, पण बोट थांबलं नाही. बुधा हा राजवाड्याचा राखणदार. सत्तरी उलटलेली, अंगात खाकी कोट आणि पाय अनवाणी. दिवसभर मिस्त्रीच्या पाठीशी उभं राहून बिडी ओढायची आणि प्रत्येक गोष्टीवर आपलं मत द्यायचं, हे काम त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यानं ते स्वतःच अंगावर घेतलं होतं.

"काय नाय कसं? हे बघा. इथं खाच होती, तिकडंही आहे. कुणीतरी चुन्यानं भरून घेतलीये. म्हणजे या दाराला उंबरा होता."

"मी बारका होतो तवापासून या दारातनं येतो. उंबराबिंबरा मी नाय पाह्यला."

"तुमच्या आधी गेला असेल. वाळवी लागली असेल." मल्हारी कंबर धरून उठला. "दार म्हटलं की उंबरा आलाच, बुधाबाबा. बिनउंबऱ्याचं दार म्हणजे बिनकाठाचं लुगडं."

"आसंल बाबा. आमच्या पाड्यावर झोपडीला कुडाचं दार. मला काय कळतंय त्यातलं?" बुधानं बिडी विझवून कानावर ठेवली. "पण दार चांगलं हाय की. पायात काय येत नाय."

इथंच मल्हारीनं हातातली पटाशी पिशवीत टाकली असती आणि जेवायला गेला असता, तर पुढचं काही घडलं नसतं. पण सुताराला रिकामी खाच दिसली की त्याचं जेवणावरून मन उडतं. त्यात मल्हारीचा हात असा, की लोक 'सोन्याचा' म्हणायचे. आणि त्या हाताला उभ्या जन्मात काम मिळालं ते टीव्हीच्या ट्रॉल्या, शोकेस आणि सनमायका चिकटवलेल्या कपाटांचं. सातपूरच्या आयटीआयमधून सुतारकाम शिकून बाहेर पडलेला हा माणूस पंचवीस वर्षं भुशाच्या फळ्या कापत होता. खरं सागवान त्याच्या हाताखाली कधी यायचं ते कुणाची जुनी खिडकी मोडीत निघाली तरच.

राजवाड्याचं काम मिळालं तेही एका कपाटापायीच. शहरातल्या गंगापूर रोडला खंडेराव राजे म्हणून वकील होते. नावापुरते राजे; संस्थान कधीच विलीन झालेलं, राहिला होता पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरातला एक जुना वाडा आणि त्याला भरायचा कर. त्यांच्या फ्लॅटवर मल्हारी भिंतीतलं कपाट बसवत होता. बसवता बसवता त्याच्या कानावर आलं, की वकीलसाहेब आजोबांच्या नावानं राजवाडा लोकांना बघायला खुला करणार आहेत, आणि जुनी दारं-खिडक्या दुरुस्त करायला माणूस मिळत नाही.

"कुठला राजवाडा, साहेब?"

"भोरकड्याचा. तुम्हाला नाही माहीत असायचं. सुरगाण्याच्या वाटेवर आत आहे."

मल्हारीच्या हातातला स्क्रू खाली पडला. भोरकडा त्याच्या आईचं माहेर.

त्या संध्याकाळी फुलेनगरातल्या घरी त्यानं आईला हे सांगितलं, तेव्हा आक्काबाई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. निवडत होती म्हणजे चाचपत होती. काचबिंदूनं तिचा उजवा डोळा खाल्ला होता, डाव्यानं नळीतून बघावं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी मल्हारीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हाही फार दिवस राहणार नाही. बाजूला घेऊन कशाला, म्हातारीला ते आधीच कळलं होतं.

"राजवाड्याची दारं तू करणार?" तिचा हात ताटात थांबला.

"हो."

"मोठं दार बी?"

"तेही."

आक्काबाईनं मुठीतले तांदूळ ताटात सोडले. मग म्हणाली, "मला एकदा न्हेशील का रं? डोळे हाईत तवर. माझा बाप ज्या दारातनं मान वर करून आत गेला, त्या दारातनं मला एकदा जायचंय. लगीन होऊन आले, त्यानंतर पाय नाय लागला तिथं. एकदा गेले का मग डोळे गेले तरी माझं काय म्हननं नाय."

"नेईन. काम पुरं झालं की उद्घाटनालाच नेतो. सगळ्यांच्या आधी तू आत जायचंस."

"उद्घाटन कवा?"

"फेब्रुवारीत."

"फेब्रुवारी लय लांब हाय," म्हातारी म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ चाचपू लागली.

तर अशी ही शर्यत लागली. एकीकडे राजवाड्याची दारं आणि दुसरीकडे आक्काबाईचा डावा डोळा. सोमवारी पहाटे मल्हारी निमाणीच्या स्टँडवरून एसटी धरायचा आणि शनिवारी संध्याकाळी अंगावर भुसा घेऊन घरी यायचा. हातपाय धुऊन चहा हातात घेतला की आईचा प्रश्न ठरलेला, "या खेपेला कंचं दार?"

तो दार सांगायचा आणि ती राजा सांगायची. मल्हारीनं राजाची तसबीर पाहिली होती; फेटा, झुपकेदार मिश्या, हातात तलवार, जशी सगळ्या राजांची असते तशीच. दाजीसाहेब महाराज असं खाली लिहिलेलं. त्या तसबिरीतून त्याला काही कळलं नव्हतं. कळलं ते दारं उघडता उघडता, आणि शनिवारच्या चहाबरोबर.

"दरबाराच्या खिडक्या केल्या या आठवड्यात. पण काय गं, त्या इतक्या खाली का? दगड फोडून खाली घेतल्यासारख्या वाटतात."

"घेतल्याच हाईत. बारक्या पोरांना भायेर दिसावं म्हनून." आक्काबाईच्या तोंडावर हसू पसरलं. "तिथं आमची शाळा होती ना. राजानं गादी उचलून माडीवर न्हेली आन् तिथं मास्तरची खुर्ची मांडली. एकच सतरंजी. पाड्यावरची कोकणा आदिवाशांची पोरं, महारवाड्याची आम्ही, आन् कारभाऱ्याचे लेक. कारभाऱ्यानं चार दिवस पोरं घरी ठेवली. मग राजानं सोताची लेक आनून माझ्या शेजारी बसवली. मग काय करतो कारभारी? पाठवली मुकाट्यानं."

"म्हणजे तू राजकन्येशेजारी बसलीस?"

"तिच्या डोक्यात उवा होत्या," म्हातारी म्हणाली. "माझ्या बी होत्या. कुनाच्या कुनाकडं गेल्या द्येव जाने."

धान्याच्या कोठीचं दार दुरुस्त केलं तेव्हा मल्हारीला भिंतीत रस्त्याच्या बाजूला एक भोक दिसलं होतं, आतून लाकडी पन्हाळ लावलेलं. हे काय ते कुणालाच सांगता येईना. आक्काबाईनं सांगितलं. दुष्काळात राजा तिथनं नागलीचे दाणे सोडायचा. बाहेरच्यानं पोतं लावायचं, आतल्यानं सोडायचं. घेणाऱ्याचं तोंड देणाऱ्याला दिसू नये आणि त्याला हात पसरावा लागू नये, म्हणून ते भोक. राणीच्या शृंगाराच्या खोलीत पुढं दवाखाना आला. देवीची लस टोचायला माणूस आला तेव्हा लोक रानात पळाले; राजानं चौकात बसून आधी आपल्या दंडाला टोचून घेतलं, तोंड वाकडं न करता. "आन् मग आत जाऊन वरडला म्हनं. बुधाची आई तिथं कामाला होती, तिनं ऐकलं."

"राजा म्हणजे अगदी देवमाणूस म्हण की."

"द्येव कशाचा? चिडका होता. हुक्का वढायचा आन् खोकायचा. खोकला आयकू आला का आम्ही पाटीत डोकं घालायचो. एकदा मास्तरला म्हनाला, मास्तर, तुमच्यापेक्षा माझा घोडा बरा शिकवंल." ती हसली आणि डोळ्याला पदर लावला. हसलं तरी तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, दुखण्यामुळे.

सगळ्या दारांच्या गोष्टी झाल्या. मोठ्या दाराची गोष्ट मात्र एवढीच होती : माझा बाप त्यातनं मान वर करून गेला.

"पण कधी? कशाला?" मल्हारीनं एका शनिवारी विचारलंच.

"राजानं बोलावलं म्हनून."

"का बोलावलं?"

"आता का म्हंजे? राजा हाय, बोलावतो. तो म्हनाला, सदू, खाली बघायचं नाय, मान वर करून ये. ग्येला." आक्काबाईनं कप खाली ठेवला. "संजना, थोडा चहा हाय का गं अजून?"

मल्हारीची बायको संजना चहा घेऊन आली आणि तो विषय तिथंच राहिला. आईनं तो तोडला हे मल्हारीला जाणवलं, पण म्हातारी माणसं दमतात, असं म्हणून त्यानं सोडून दिलं. आणि त्याचं अर्धं लक्ष आधीच उंबऱ्यावर होतं.

कारण उंबरा त्यानं मनात घडवायला घेतला होता. कुणी सांगितलेलं नव्हतं. खंडेरावांना विचारलं तर ते म्हणाले, "अहो, वा! माझे वडील नेहमी म्हणायचे, एवढं दार आणि खालून बोडकं. करा तुम्ही." खंडेरावांच्या चुलत आत्याबाईंना तर भरून आलं. राजघराण्याच्या दाराला उंबरा नाही, लक्ष्मीनं यायचं कुठून आणि कुंकू लावायचं कशाला, ही त्यांची जन्माची तक्रार होती. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, तुमचे हात धुऊन प्यावेत."

मल्हारीनं जुन्या बाजारात हिंडून एका पडलेल्या घराची तुळई आणली. शंभर वर्षांचं सागवान, रंधा मारला तर तेलकट वास सुटावा असं. रविवारी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो तिच्यावर काम करत बसायचा. मधोमध एक कमळ कोरलं, दोन्ही टोकांना पिंपळाची पानं. कडा इतक्या गुळगुळीत केल्या, की ओल्या हातानं धरला तर निसटावा. आईला मात्र त्यानं यातलं एक अक्षर सांगितलं नाही.

"सांगून टाका ना त्यांना," संजना म्हणाली. "तेवढ्याच खूश होतील."

"नाही. अंदाज येऊ देऊ नकोस. तिच्या बापाच्या दाराला तिच्या लेकाचा उंबरा. तिचा पाय लागला पाहिजे त्याला, मग सांगीन."

"आणि दिसलं नाही तर?"

"मी आहे ना हात धरायला."

बसवलाही त्यानं आपल्या पद्धतीनं. खिळा नाही, स्क्रू नाही. चुना कोरून खाचा मोकळ्या केल्या, एक जरा खोल घेतली, उंबरा आधी तिच्यात सरकवला, मग दुसरीकडे ओढून आणला आणि दोन पाचरींनी आवळला. दुसरं टोक बुधानं धरलं होतं. बसल्यावर मल्हारी त्यावर उभा राहिला, उड्या मारल्या. उंबरा दगडासारखा बसला होता.

"झालं बुधाबाबा. आता दिसतंय दार."

"दिसतंय," बुधा म्हणाला. तो आत जायला निघाला आणि त्याच्या पायाचा अंगठा उंबऱ्याला थडकला. आई गं करत तो एका पायावर नाचला. "जल्माची सवय हाय मिस्त्री. लागंल वळन."

मल्हारी हसला. हसायलाच हवं होतं का, हे त्याच्या मनात पुढं कितीदा आलं असेल.

उद्घाटनाच्या दिवशी आक्काबाई पहाटेच अंघोळ करून बसली होती. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, गळ्यात काळ्या दोऱ्यात बाबासाहेबांचं बिल्ल्याएवढं चित्र. एसटीत ती खिडकीशी बसली आणि मल्हारीला विचारत राहिली. "घाट लागला का? मोहाची झाडं दिसतात का?" डाव्या डोळ्यानं तिला उजेड आणि मधूनच एखादा तुकडा दिसत होता. एक झाड, एक बैल, एका बाईची पाठ. फाट्यावर उतरून काळ्या-पिवळ्या जीपनं ते भोरकड्याला पोचले तेव्हा ऊन नुकतंच चौकात उतरलं होतं. पाहुणे दुपारी येणार होते. मंडपवाले खुर्च्या मांडत होते. मोठ्या दाराला झेंडूचं तोरण, उंबऱ्यावर आडवी माळ आणि हळदीकुंकू. सकाळी आत्याबाईंनी पूजा केली होती.

खंडेराव पुढं आले. "या आक्काबाई. तुमच्याबद्दल मिस्त्रींनी फार सांगितलंय."

"जय भीम, राजे. आजोबाचा आवाज हाय तुमचा," ती म्हणाली. "खोकता का?"

खंडेराव हसले आणि बाजूला झाले. बुधा पुढं आला, त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं. "आके, वळखलं का?"

"बुध्या. बिडीच्या वासानं वळखलं."

पायऱ्यांशी तिनं चपला काढल्या. चढताना तिनं मल्हारीचा हात घट्ट धरला होता. वर आल्यावर ती थांबली. समोर मोठं दार होतं, तेल पिऊन चकाकणारं. तिला त्यातला मधला एक काळोखा उभा पट्टा दिसत असावा. तिनं पदर सारखा केला आणि हात सोडवून घेतला.

"सोड."

"आई, थांब. मी धरतो. पुढं—"

"सोड म्हनते ना. या दारात मला कुनी धरायचं नाय. मला म्हाईत हाय हे दार."

आणि ती निघाली. मल्हारीला वाटलं होतं ती चाचपत जाईल, पायानं अंदाज घेईल, आणि तेवढ्यात तो सांगेल. पण ती म्हातारीसारखी निघालीच नाही. मान वर, पाठ ताठ, पावलं झपाझप, शाळेची घंटा झाल्यावर पोर निघावं तशी. 'आई' एवढाच शब्द त्याच्या तोंडून निघाला. तिचा पाय उंबऱ्यावर आदळला आणि ती दोन्ही गुडघ्यांवर पडली.

मंडपातल्या खुर्च्यांचा आवाज थांबला. मल्हारी धावला. पण तिनं त्याला उचलू दिलं नाही. ती गुडघ्यावरच होती, तिचे दोन्ही हात लाकडावर होते. माळ बाजूला सारून ते हात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. कमळावर थांबले. पानांवर थांबले.

"उंबरा," ती म्हणाली. मग हळू आवाजात विचारलं, "कुनी बसवला?"

खोटं बोलायला तोंडात जीभ असावी लागते. मल्हारी म्हणाला, "मी."

तिचा गुडघा फुटला होता, लुगड्याला रक्त लागलं होतं. त्यानं तिला उठवून वरच्या पायरीवर बसवलं. बुधा पाणी घेऊन आला. आत्याबाई दारातून म्हणाल्या, "अगं बाई, फार लागलं का? अहो, त्यांना आत तरी घ्या."

"नको," आक्काबाई म्हणाली. "मी हितंच बसते."

"आई, चल. मी धरून नेतो. उंबऱ्यावरून पाय टाक, झालं," मल्हारी म्हणाला. तो रडकुंडीला आला होता. "तुझ्यासाठीच केला गं मी. तुझ्या बापाच्या दाराला माझ्या हातचं काहीतरी असावं म्हणून."

तेव्हा तिनं त्याच्याकडं तोंड वळवलं. दिसत होतं की नाही कोण जाणे, पण ती त्याच्याकडंच बघत होती.

"तुझी चूक नाय रं. माझी हाय. मी तुला अर्धीच गोष्ट सांगितली." तिनं पदरानं गुडघा दाबून धरला. "बाप मान वर करून गेला, ते तुला सांगितलं. त्याच्या आदल्या दिवशी काय झालं ते नाय सांगितलं. माझा बाप लाकडाचा भारा घिऊन आला हुता. आपल्या मानसानं खालच्या पायरीवर भारा टाकायचा, पायरीला डोकं टेकायचं आन् मागं फिरायचं. तो पोरसवदा, उपाशी. तोल ग्येला. पडला तो पुढं पडला, आन् त्याचा हात उंबऱ्याला लागला."

खंडेराव दोन पायऱ्या खाली उभे होते.

"कारभाऱ्यानं उंबरा गोमूत्रानं धुतला. मानसं जमवली आन् त्याला हितं, या चौकात, चाबकानं मारला. राजा नवा हुता, माडीवरून बघितलं त्यानं. तिथं काय बोलला नाय. सकाळी सुतार बोलावला आन् उंबरा कापून काढला. बंबात जाळला. मग माझ्या बापाला निरोप धाडला, ये म्हनून. पाठ फुटलेली, त्याला चालता येईना. राजा दारात उभा. म्हनाला, सदू, आता तुझ्या पायाशी काय नाय. खाली बघू नको, मान वर करून ये." तिनं श्वास घेतला. "बापानं मला सांगितलं ते मरताना. म्हनला, पोरांना सांगू नको. पोरांना मान वर केली तेवढंच सांग. मग मी बी तेवढंच सांगितलं. बापानं मार खाल्ला हे कसं सांगायचं रं लेकराला?"

बुधानं कोटाच्या बाहीनं नाक पुसलं. "मला बी नव्हतं म्हाईत, आके," तो म्हणाला.

मल्हारी उठला आणि मंडपामागं ठेवलेली आपली पिशवी घेऊन आला. लाकडी हातोडा आणि पटाशी काढून तो दारात बसला.

"मिस्त्री, आत्ताच?" आत्याबाई दचकल्या. "पूजा झालीये त्याची. पूजलेला उंबरा उपटतात का? पाहुणे येऊन गेल्यावर बघू की. उद्या काढा."

मल्हारीनं खंडेरावांकडं पाहिलं. काम त्यांचं, वाडा त्यांचा. ते नाही म्हणाले असते तर काय करायचं, हे त्याला माहीत नव्हतं. उद्या पुन्हा आणता आलं असतं आईला, फारतर पुढच्या महिन्यात. पण पुढच्या महिन्यात तिला दार दिसलं असतं का? तो हातोडा धरून तसाच बसून राहिला.

खंडेराव वर आले, वाकले आणि झेंडूची माळ तुटू न देता दोन्ही हातांनी उचलून त्यांनी आत्याबाईंच्या हातात दिली. मग खिशातला रुमाल काढून हळदीकुंकू पुसायला लागले. ते काही नीट पुसलं गेलं नाही, कमळाच्या पाकळ्यांत राहिलं.

"राहू दे रं मल्हारी," पायरीवरून आक्काबाई म्हणाली. "लय गुळगुळीत केलंय तू. तुझा हात हाय त्याच्यावर. मी आपली हितनं बघते."

"तू सरक थोडी बाजूला. ढलपा उडेल."

"कापू नको. चांगलं लाकूड हाय."

"नाही कापत. कापावं लागत नाही."

पाचर निघायला वेळ लागला. त्यानंच इतकी घट्ट ठोकली होती. दुसरी निघाल्यावर उंबरा खोल खाचेत मागं सरकला, आणि बुधानं एक टोक धरून उचलला. अख्खाच्या अख्खा निघून आला, कुठं ओरखडा नाही. खाली फरशीवर तेवढा नवा चुना सांडला होता. मल्हारीनं आधी हातानं आणि मग आपल्या शर्टाच्या टोकानं ती जागा पुसली, खाचांमध्ये लाकडाचे तुकडे बसवले आणि तळहात फिरवून बघितला. कुठं काही लागत नव्हतं.

"आई," तो म्हणाला. "पायाशी काही नाही."

आक्काबाई उठली. कुणी धरलं नाही. मंडपवाले, आत्याबाई, खंडेराव, सगळे दाराच्या दोन्ही बाजूंना सरकून उभे राहिले होते. तिनं लुगड्याच्या निऱ्या झटकल्या. रक्ताचा डाग पुढंच होता. तिला तो दिसत नव्हता. मग तिनं मान वर केली आणि चालू लागली. या वेळी पावलं झपाझप नव्हती. गुडघा दुखत असणार.

दाराच्या मधोमध आली आणि तिचा पाय उचलला गेला. चांगला वीतभर वर. नसलेल्या लाकडावरून तिनं एक पाय पलीकडं टाकला, मग दुसरा, आणि आत गेली. तिच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. मान तशीच वर होती.

"बुध्या," आतून तिचा आवाज आला, दरबारात घुमत. "आपली सतरंजी कुठवर यायची रं? त्या खिडकीपातूर का?"

बुधा लगबगीनं आत गेला. मल्हारी बाहेरच राहिला, खांद्यावर उंबरा घेऊन. तो कुठं ठेवायचा, हे त्याला कळत नव्हतं.